सोडचिठ्ठीचा कागद कुठे आहे?



गावात एखाद्या बाईचं बोलणं निघालं की एकजण म्हणते, "तिची सोडचिठ्ठी झालीय." दुसरी म्हणते, "कसली झालीय? नुसती माहेरी येऊन बसलीय." वाद वाढतो, पण कागद बघू या असं कुणी म्हणत नाही. कधीकधी त्या बाईलासुद्धा ठाऊक नसतं की आपलं लग्न कायद्यानं मोडलंय की अजून उभं आहे.

आज आम्ही अशाच कागदांची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, दोनशे-सव्वादोनशे वर्षांची आहे. तिथं घटस्फोटाचे कागद काउंटीच्या कोर्टात ठेवतात. ते कुणी ठेवले, कुणी शोधले, आणि त्यात बायकांचं काय भलं झालं, काय वाईट झालं, ते बघू.

आधी काउंटी म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत देशाखाली राज्यं आणि राज्याखाली काउंट्या. काउंटी म्हणजे आपला मोठा तालुका किंवा लहान जिल्हा समजा. देशभरात 3,000हून जास्त काउंट्या आहेत. काउंटीच्या मुख्य गावात कोर्टाची इमारत असते. जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाचे परवाने, घटस्फोटाचे निकाल हे सगळं बहुतेक ठिकाणी तिथंच किंवा तिच्या आसपासच्या दप्तरात असतं. आपण सात-बारा काढायला तालुक्याला जातो, तसं तिथली माणसं कागद काढायला काउंटीला जातात.

लग्न आणि घटस्फोट हा तिथं राज्यांचा विषय आहे. म्हणून साऱ्या देशाचं मिळून घटस्फोटांचं एकच रजिस्टर अमेरिकेत कधी झालं नाही, आजही नाही. कागद हवा असेल तर कुठल्या राज्यात आणि कुठल्या काउंटीत खटला चालला, हे आधी कळायला हवं.

सुरुवातीच्या काळात बऱ्याच राज्यांत घटस्फोट कोर्टाकडून मिळतच नसे. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज करायचा. मग तिथं त्या एका नवरा-बायकोपुरता कायदा व्हायचा. आपल्या घरचं भांडण आमदारांपुढे मांडायचं, असाच तो प्रकार. गरीब बाईला ते कुठून जमणार? पुढे एकेक राज्यानं हे काम कोर्टाकडे दिलं. या दोन पद्धतींच्या मधल्या काळात एका बाईची फार मोठी फरपट झाली. तिचं नाव रेचल.

रेचल डोनेल्सनचं लग्न 1785 साली लुइस रोबर्ड्स नावाच्या माणसाशी झालं. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती. नवरा संशयी होता. संसार धड चालला नाही. ती नॅशव्हिलला आईकडे आली, एकदा समेट झाला, पुन्हा मोडला. आईच्या घरी काही तरुण राहायला असत. त्यांच्यात अँड्र्यू जॅक्सन नावाचा वकील होता. पुढे हाच जॅक्सन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

रोबर्ड्स केंटकीत राहत होता आणि केंटकी तेव्हा व्हर्जिनिया राज्यात होतं. त्यानं व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. डिसेंबर 1790मध्ये विधिमंडळानं कायदा केला. आता नीट ऐका. त्या कायद्यानं घटस्फोट दिला नव्हता, कोर्टात जायची परवानगी दिली होती. रोबर्ड्सनं कोर्टात जायचं, पंचांपुढे बायकोवरचा आरोप सिद्ध करायचा, आणि मग घटस्फोट मिळणार. पण रानावनातून, बैलगाड्या-घोड्यांवरून नॅशव्हिलला बातमी पोचली ती एवढीच, की "रोबर्ड्सचा घटस्फोट झाला."

रेचल आणि जॅक्सन यांनी त्या बातमीवर विश्वास ठेवला आणि नवरा-बायको म्हणून राहू लागले. आपण 1791 साली नॅचेझला लग्न केलं, असं ते सांगत. त्या लग्नाची नोंद कधी सापडली नाही.

रोबर्ड्स मात्र दोन-अडीच वर्षं कोर्टात गेलाच नव्हता. तो गेला तेव्हा केंटकीतल्या मर्सर काउंटीच्या कोर्टानं सप्टेंबर 1793मध्ये घटस्फोट दिला. बायको सोडून गेली आणि दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते, हे कारण निकालात लिहिलं गेलं. म्हणजे रेचल जॅक्सनबरोबर राहत होती त्या सगळ्या काळात कायद्याच्या लेखी ती रोबर्ड्सचीच बायको होती. हे कळल्यावर दोघांनी जानेवारी 1794मध्ये पुन्हा रीतसर लग्न केलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पुढची तीसेक वर्षं दोघांचा संसार नीट चालला. पण 1828च्या निवडणुकीत जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि विरोधकांनी जुने कागद धुंडाळले. मर्सर काउंटीचा निकाल होताच. निकालाची तारीख 1793ची, संसार त्याच्या आधीचा. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकानं हे प्रकरण छापून गाजवलं. एका साठीच्या बाईच्या चारित्र्यावर देशभर चर्चा झाली. जॅक्सनच्या मित्रांनी समिती नेमली, साक्षी गोळा केल्या, खुलासा छापला. जॅक्सन निवडून आला. पण त्यानं पदाची शपथ घेण्याआधीच, 22 डिसेंबर 1828 रोजी, रेचल वारली. विरोधकांनीच तिचा जीव घेतला, असं जॅक्सन शेवटपर्यंत मानत राहिला.

रेचलच्या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. जेव्हा कागद बघायला हवा होता तेव्हा तो कुणी बघितला नाही, लोकांच्या बोलण्यावर भागवलं. आणि पुढे ज्यांना तिचं वाईट करायचं होतं त्यांनी मात्र तो बरोबर शोधून काढला. घटस्फोटाच्या उघड्या दप्तराला या दोन्ही बाजू आहेत.

आता कुणी विचारेल, नवऱ्यानं टाकलं तर टाकलं, कागदाचं एवढं काय? त्यासाठी तेव्हाचा कायदा समजून घ्यावा लागेल. तिथल्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. तिची मजुरी नवऱ्याची, तिच्या नावचं सामानसुमान नवऱ्याचं, मुलांवर पहिला हक्क बापाचा. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे. न्यूयॉर्क राज्यानं 1848 साली बाईच्या मालमत्तेला संरक्षण देणारा कायदा केला. इतर राज्यांत कुठे आधी, कुठे बऱ्याच नंतर तसे कायदे झाले.

आता विचार करा, नवरा घर सोडून गेलाय, सात-आठ वर्षं पत्ता नाही. बाई कपडे शिवून, धुणी धुऊन चार पैसे जोडते. तो एक दिवस परत येतो आणि पैसे उचलून नेतो. कायद्यानं तो तिचा नवराच असतो. अशा बाईला घटस्फोटाचा निकाल म्हणजे स्वतःच्या कमाईवरचा स्वतःचा हक्क होता. पुन्हा लग्न करायचं तरी तोच कागद लागायचा.

तो कागद आणखी एका ठिकाणी लागे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्यात मेलेल्या शिपायांच्या विधवांना सरकारनं पेन्शन दिलं. पण बाईनं आपलं लग्न कायदेशीर होतं हे दाखवायला हवं. तिचं किंवा त्या शिपायाचं आधी एक लग्न झालेलं असेल, तर ते मोडल्याचा पुरावा हवा. सरकारी तपासनीस त्यासाठी गावोगाव फिरत. जिच्याकडे काउंटीच्या निकालाची नक्कल होती तिचं काम सोपं होई. जिच्याकडे नव्हती तिला शेजारपाजारच्या साक्षींवर अवलंबून राहावं लागे.

ज्या बाईला खटल्याची खबरच नसे, तिचं काय होई? काही राज्यांत कायदा सैल होता. इंडियाना राज्यात 1850च्या सुमाराला बाहेरून आलेल्या माणसाला आपण इथं राहतो एवढं शपथेवर सांगून खटला घालता येत असे. बायको दुसऱ्या राज्यात, तिचा पत्ता माहीत नाही म्हणून सांगायचं, तिथल्याच एखाद्या वर्तमानपत्रात नोटीस छापायची. ते वर्तमानपत्र बायकोच्या गावात येतच नसे. मुदत संपली, ती आली नाही, निकाल लागला. बिचारीला कळायचं ते नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर. इंडियानाचं नाव यामुळे इतकं बदनाम झालं की 1873 साली तिथं कायदा कडक करावा लागला.

अशा गोष्टी ऐकून देशात ओरड झाली. घटस्फोट बोकाळलेत, संसार बुडाले, लोक राज्यं बदलून बायका सोडतात, असं धर्मोपदेशक आणि पुढारी म्हणू लागले. पण खरोखर किती घटस्फोट होतात हे कुणालाच माहीत नव्हतं. आकडे काउंट्यांच्या दप्तरांत बांधून पडले होते.

मग 1887 साली अमेरिकेच्या संसदेनं या मोजणीसाठी पैसे मंजूर केले. काम दिलं कामगार खात्याचे आयुक्त कॅरोल राइट यांच्याकडे. राइट यांनी आपली माणसं काउंट्यांच्या कोर्टांत पाठवली. 1867 ते 1886, अशा वीस वर्षांची रजिस्टरं चाळायची, खटला कुणी घातला, कारण काय दिलं, लग्न कुठे झालं होतं, मुलं किती, हे टिपून घ्यायचं. संगणक नव्हते. सगळं हातानं, जुन्या शाईचं अक्षर लावत. काही ठिकाणी कोर्टं जळाली होती, त्यांबरोबर रजिस्टरंही गेली होती. शिकागो शहर ज्या काउंटीत आहे, त्या कुक काउंटीचं कोर्ट 1871च्या मोठ्या आगीत जळून गेलं होतं आणि त्याआधीचे तिथले कागदही राख झाले होते.

1889 साली अहवाल छापून आला. वीस वर्षांत 3,28,716 घटस्फोट. पण लोकांना धक्का बसला तो दुसऱ्या आकड्यानं. त्यांतले 2,16,176 घटस्फोट बायकांनी मागितलेले आणि बायकांना मिळालेले होते. म्हणजे दर तिनातले दोन. कारणांमध्ये सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं नवरा किंवा बायको घर सोडून गेल्याचं. त्याशिवाय मारहाण आणि छळ होता, दारू होती, व्यभिचार होता.

राज्य बदलून घटस्फोट घेणाऱ्यांचा एवढा गाजावाजा झाला होता, त्याचंही उत्तर त्या दप्तरांतच निघालं. लग्न कुठे झालं हे ज्या खटल्यांत कळत होतं, त्यांतल्या सुमारे पाचांपैकी चार जोडप्यांनी लग्न झालं त्याच राज्यात घटस्फोट घेतला होता. पळून जाऊन कागद मिळवणारे होते, पण थोडे. बहुतेक बाया आपल्याच मुलखात, ओळखीच्या लोकांसमोर, काउंटीच्या कोर्टात उभ्या राहून बोलल्या होत्या. पुढे 1887 ते 1906 या वीस वर्षांची दुसरी मोजणी झाली. त्यात घटस्फोट भरले 9,45,625, आणि पुन्हा दोन तृतीयांश बायकांना मिळालेले.

म्हणजे बायका चुलीजवळ काय सोसत होत्या ते काउंटीच्या दप्तरात लिहिलेलं होतं. कुणी उघडून मोजलं तेव्हा देशाला कळलं.

हे कागद शोधतात कसे, तेही सांगतो. कोर्टात खटल्यांची अनुक्रमणिका असते. एक वादीच्या नावानं, एक प्रतिवादीच्या नावानं. आडनावाच्या अक्षरावरून नाव शोधायचं, समोर खटल्याचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावरून निकालाचं रजिस्टर आणि मूळ फाइल काढायची. फाइलमध्ये अर्ज, उत्तर, साक्षी, पोटगीचा आणि मुलांच्या ताब्याचा हुकूम असं सगळं असू शकतं.

नवख्या माणसाची अडचण अशी होते, की तो लग्न झालेल्या काउंटीत शोधत बसतो. घटस्फोटाचा खटला तिथं नसतो. दोघांपैकी एकजण जिथं राहत होता तिथं तो चाललेला असतो. दुसरी अडचण बायकांच्या नावाची. रजिस्टरमध्ये बाई सासरच्या आडनावानं असते. निकालानंतर माहेरचं आडनाव परत घेतलं असेल, तर पुढची नोंद वेगळ्याच अक्षराखाली जाते. पूर्वी टाकलेल्या पणजीचा शोध घेणारी आजची पणती म्हणूनच दोन्ही आडनावं घेऊन कोर्टात जाते.

काही राज्यांनी राज्याच्या पातळीवर यादी केली आहे. टेक्ससमध्ये 1968पासूनची यादी आहे. पण यादीत नाव दिसलं म्हणजे निकाल हाती आला असं नाही. खरी नक्कल काउंटीच्या कोर्टाचा क्लार्कच देतो, फी घेऊन, शिक्का मारून.

मग कुणीही उठून कुणाचाही घटस्फोट वाचायचा का? याचं उत्तर तिथल्या प्रत्येक राज्यानं वेगळं दिलं. बऱ्याच राज्यांत कोर्टाचा निकाल सगळ्यांना उघडा असतो. न्याय बंद दाराआड होऊ नये, असं त्यामागचं म्हणणं. न्यूयॉर्कमध्ये मात्र घटस्फोटाची फाइल 100 वर्षं बंद असते, ती त्या दोघांना आणि त्यांच्या वकिलांनाच बघता येते. त्या राज्यात 1960च्या दशकापर्यंत व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय घटस्फोट मिळत नसे. म्हणजे फाइलीत काय काय लिहिलेलं असेल, विचार करा.

नेवाडा राज्यानं मधला रस्ता काढला. तिथं 1931 साली सहा आठवडे राहिलं की घटस्फोट मागता येईल असा कायदा झाला. देशभरातून लोक तिथल्या रिनो गावाला, वॉशो काउंटीच्या कोर्टात येऊ लागले. त्यांत बाया पुष्कळ होत्या. घरच्या राज्यात नवऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडण्यापेक्षा सहा आठवडे परगावी काढलेले बरे, असं त्यांना वाटे. नेवाडाच्या कायद्यात अर्ज आणि निकाल उघडा, पण साक्षी-पुरावे मागणी केल्यास मोहोरबंद ठेवायची सोय आहे. घटस्फोट झाला का आणि कधी, हे जगाला कळावं. आतलं दुःख ज्याचं त्याच्याकडे राहावं. रेचलच्या काळी अशी सोय असती तर, असं आम्हाला वाटून गेलं.

सगळीकडे दार उघडं नव्हतं, हेही सांगायला हवं. दक्षिण कॅरोलायना राज्यात 1878पासून 1949पर्यंत घटस्फोटाची सोयच नव्हती. तिथल्या काउंट्यांत त्या सत्तर वर्षांचे घटस्फोटाचे कागद शोधून सापडणार नाहीत. पण तिथं बायका टाकल्या जात नव्हत्या असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांची कुठे नोंद झाली नाही, एवढंच.

आता या काउंटीचा आणि आपल्या देशाचा एक धागा सांगतो. 1975 साली तिरुपतीला एक लग्न झालं. नवरा पुढे अमेरिकेत होता. दोघांचं पटलं नाही. त्यानं मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टातून 1980 साली घटस्फोटाचा निकाल मिळवला आणि पुढच्या वर्षी इथं येऊन दुसरं लग्न केलं. पहिली बायको गप्प बसली नाही. एक लग्न उभं असताना दुसरं केलं, म्हणून तिनं फौजदारी तक्रार केली. प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1991 साली न्यायालयानं सांगितलं, की तो परदेशी निकाल इथं चालणार नाही. नवरा तिथं नुसता मुदतीपुरता राहिला होता, बायकोनं त्या कोर्टाचा अधिकार मानलेला नव्हता, आणि ज्या कारणावर घटस्फोट दिला ते कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नव्हतं. निकालाच्या झेरॉक्सवर भागत नाही, रीतसर प्रमाणित नक्कल लागते, हा मुद्दाही त्या प्रकरणात आला होता. आज आपल्या खेड्यांतल्या मुलीही लग्न होऊन परदेशी जातात. त्यांच्या आईबापांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि घरचं बोलायचं तर, आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या घेतात, चार पंच बसतात, आणि "झाली सोडचिठ्ठी" म्हणतात. 1955च्या हिंदू विवाह कायद्याखाली नुसत्या तेवढ्यानं लग्न मोडत नाही. ज्या समाजात रूढीनं काडीमोड चालते, तिथं ती रूढी मान्य आहे, पण वाद झाला तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नाहीतर कोर्टाचा निकाल हवा, आणि त्याची शिक्क्याची नक्कल हवी. पोटगी, जमिनीतला वाटा, पेन्शन, दुसरं लग्न, मुलांच्या शाळेतलं नाव, यांतलं काहीही निघालं की तोच कागद मागतात.

म्हणून आम्ही सुचवतो, की पुढच्या बैठकीत गटात हा विषय घ्या. आपल्या गटात, वाडीत अशी कुणी आहे का, जिला "तुझं मोडलंय" असं फक्त तोंडी सांगितलंय? तिला नावं ठेवायला किंवा तिची कहाणी उकरायला आपण जायचं नाही. तिनं स्वतः म्हटलं तर दोघीतिघींनी तिच्याबरोबर तालुक्याच्या कोर्टात जायचं, तिथल्या विधी सेवा समितीकडे चौकशी करायची. बायकांना तिथला सल्ला आणि वकील फुकट मिळतो. निकाल झाला असेल तर नक्कल काढायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवायची. झाला नसेल तर तेही पक्कं कळेल, आणि पुढचं काय ते ती शहाणपणानं ठरवील.

बोलल्यावर तुमच्या गटात काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. कुणाचं नाव न घेता सांगितलंत तरी चालेल. पुन्हा भेटू. नमस्कार.